गोंद्याच्या ताब्याविषयी आणि इतर मालमत्तेविषयी

मी, जिला या गल्लीत सगळे बाइंडरबाई म्हणतात ती, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, आज मंगळवारी सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, माझ्याच कारखान्यातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले असून तो कागद सोबत टाचला आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही की फूस लावलेली नाही. दडपण म्हणाल तर एकच आहे. ते पंचवीस किलोचे असून या क्षणी माझ्या पावलांवर झोपले आहे.

लिहिण्याचे कारण असे की, येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, हे आमचे रोजचे काम आहे. त्यांचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे.

कलम १. माझी माणसे.

मला पती आहेत, एक लेक आहे, आणि एक नणंद आहे. पतींचा उल्लेख या कागदात मी 'हे' असाच करणार. वकीलबाईंनी हरकत घेतली. 'हे मृत्युपत्र' आणि 'हे' यांत उद्या घोटाळा होईल, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना सांगितले की, सत्तेचाळीस वर्षांत माझा एकदाही झालेला नाही.

हे छापखान्यात मुद्रितशोधक होते. लोकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका छापण्याआधी हुडकून काढायच्या, हा यांचा धंदा. लेक शहर बस चालवते. नणंदेला मी वन्सं म्हणते. त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्र कलम आहे.

कलम २. घर.

राहते घर माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात यांनी त्यात हयातभर राहावे, आणि यांच्या पश्चात ते लेकीचे व्हावे. घर आहे त्या स्थितीत द्यायचे आहे, म्हणून स्थिती लिहून ठेवते. सोफ्याला तीन पाय मूळचे आहेत, चौथा पाय म्हणजे बांधणीला आलेले आणि परत न नेलेले दोन जाड कोश आहेत. जेवणाच्या टेबलाच्या कडेला खालून दातांची नक्षी आहे. मागच्या दाराच्या खालच्या फळीला जे भोक दिसते ती मोडतोड नसून वहिवाट आहे. ते कोणीही बुजवू नये.

कलम ३. कारखाना.

दाबयंत्र, कागद कापायचे मोठे यंत्र, टोचे, सुया, दोऱ्याची रिळे, पुठ्ठे आणि कातडीचे उरलेले तुकडे, सगळे लेकीला. ती रविवारी येते तेव्हा माझ्याशेजारी बसून पाने शिवते. दिवसभर बसचे चाक धरणाऱ्या बाईचे हात ठाम असतात. टाका माझ्यापेक्षा सरळ येतो, हे मी तिला तोंडावर सांगितलेले नाही, इथे सांगते. कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी माझ्या वडिलांची आहे. तिच्या एका टोकावर चावल्याच्या खुणा आहेत. घासून काढू नकोस गं. त्या खाचांमुळे बोट घसरत नाही.

बँकेत जे काही आहे ते यांच्या औषधपाण्याला. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ४. गोंद्या.

कुत्र्याच्या नावाने काही ठेवता येते का, हे मी वकीलबाईंना आधीच विचारले होते. येत नाही म्हणाल्या. कायद्याच्या नजरेत कुत्रा हीच मालमत्ता, आणि तीही जंगम. एवढी जंगम मालमत्ता मी जन्मात दुसरी पाहिलेली नाही.

हा माझ्याकडे आला तो पाच वर्षांपूर्वी. वाचनालयाचे ग्रंथपाल चाळीस फाटकी पुस्तके हातगाडीवर घालून आले, तेव्हा गाडीमागून एक तपकिरी पिल्लू पुस्तकांचे कणे चाटत चाटत आत शिरले. आमच्या धंद्यात पिठाची खळ वापरतात. माणसाला पुस्तकात अक्षरे दिसतात, याला जेवण दिसले. ग्रंथपाल आजही सांगतात की तो त्यांच्याबरोबर नव्हता. तिसऱ्या दिवशी खळीच्या डब्यात त्याचे डोके अडकले आणि डब्यासकट तो गल्लीभर धावला. तेव्हापासून तो गोंद्या.

यांना कुत्री आवडत नसत. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, असा हुकूम होता. गोंद्याने हुकूम पाळला. तो उंबऱ्यावरच बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा एक बूट न्यायचा. दोन कधीच नाही. यांचा उजवा बूट तर त्याच्या विशेष मर्जीतला. रोज सकाळी कामावर निघताना हे एका पायात बूट घालून अंगणभर त्याच्यामागे, आणि हातातल्या पिशवीत दुसऱ्यांच्या चुका. मी खिडकीतून बघत असे. हसलेले यांना कळू नये म्हणून तोंडात दोरा धरत असे.

मग चार वर्षांपूर्वी यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय अधू झाला, आणि बोलणे बंद झाले. समजत सगळे होते. शब्द तेवढे येत नव्हते. पाच महिने या घरात यांचा आवाज नव्हता. मी एकटीच दोघांचे बोलत असे, प्रश्नही माझा आणि उत्तरही माझे.

त्यात गोंद्याने यांच्या चालायच्या घोडीच्या रबरी टोप्या चावून काढल्या. घोडी फरशीवरून सटकली आणि हे पडता पडता वाचले. वन्संनी त्या दिवशी ठरवूनच टाकले. त्यांच्या ओळखीचा एक वीटभट्टीवाला राखणीला कुत्रा शोधत होता. रविवारी पाच वाजता येऊन तो गोंद्याला घेऊन जाणार, असे ठरले. मी विरोध केला असे सगळ्यांना वाटते. मी विरोध केला नव्हता. मी 'हो' म्हटले होते. मी थकले होते. शपथेवर लिहायचा कागद आहे, म्हणून लिहिते.

त्या रविवारी बोलणे शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी यांच्या सरावासाठी चित्रांचे चाळीस कागद दिले होते: कप, छत्री, गाय, घर, बूट. कागद पातळ होते, चुरगळत होते, म्हणून आदल्या दिवशी मीच ते पुठ्ठ्यावर चिकटवून दिले. कशाने, ते सांगायला नको. बाई एकेक चित्र दाखवून विचारत होत्या, हे काय. हे भिंतीकडे बघत होते. वन्सं सोफ्यावर बसून मला समजावत होत्या की संध्याकाळी तू एकदाची सुटशील. गोंद्या टेबलाखाली शिरला. आधी छत्री गेली, मग गाय गेली, मग अख्खे घर गेले. बाईंना वाटले, पुठ्ठे खाली पडताहेत.

शेवटी बूट उरला, आणि तो यांच्या डाव्या हातात होता. गोंद्याने पुढचे दोन पाय यांच्या गुडघ्यावर ठेवले आणि त्याचे दुसरे टोक दातांत धरले. हे सोडेनात. तो सोडेना. पाच महिन्यांत यांनी कोणत्याही वस्तूला इतके घट्ट धरलेले मी पाहिले नव्हते. पुठ्ठा मधोमध फाटला. अर्धा बूट हातात घेऊन हे म्हणाले,

"गाढवा."

स्पष्ट. काना-मात्रेसकट.

बाईंनी वहीत तारीख आणि शब्द लिहून घेतला. हा शब्द कोणाला उद्देशून होता, यावरून आमच्या घरात अजून पक्ष आहेत. लेक म्हणते गोंद्याला. वन्सं त्या क्षणी यांच्या थेट समोर बोलत होत्या, त्यामुळे त्यांचा समज वेगळा आहे आणि त्यांनी तो मनाला लावून घेतला आहे. माझे मत असे की तो मला होता, कारण खळ मी लावली होती.

पाच वाजता वीटभट्टीवाला नवाकोरा पट्टा आणि साखळी घेऊन फाटकाशी आला. मी बाहेर जाऊन त्याला सांगितले की कुत्रा देता येणार नाही, त्याचे इथे काम आहे. कसले काम, त्याने विचारले. मी म्हटले, शिकवणी घेतो. भला माणूस, वाद घातला नाही. पट्टा आमच्याकडेच ठेवून गेला. दोन दिवसांत गोंद्याने तो खाल्ला.

यानंतर सगळे भराभर झाले असे कोणी समजू नये. बाईंसमोर हे परत गप्प. माझ्यासमोर गप्प. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर तांबड्या शाईने खुणा केल्या, आता तोंडातून निघणारा दर दुसरा शब्द चुकत होता आणि तो चुकल्याचे यांनाच सगळ्यांत आधी कळत होते. माणसांपुढे बोलायची लाज वाटत होती. गोंद्यापुढे वाटत नव्हती. दुपारी मागच्या अंगणात खुर्ची टाकून हे त्याच्याशी बोलायला लागले. माझी शिवणीची खिडकी नेमकी त्याच्या वर आहे. हे बुटाला पूल म्हणायचे, पाण्याला पत्र म्हणायचे, मग स्वतःच थांबून, धापा टाकत, बरोबर शब्दापर्यंत पोचायचे. गोंद्या ऐकून घ्यायचा. चुकलेल्या शब्दालाही तेवढीच शेपटी हलवायचा.

मी खिडकीआड बसून हे एकवीस दिवस ऐकले. आनंद झाला हे खरेच. पण मला त्या कुत्र्याचा मत्सरही वाटला, तोही लिहून ठेवते. तोवरच्या त्रेचाळीस वर्षांच्या संसारातली तीस हजारांवर जेवणे मी वाढली आणि बोलणे त्याच्याशी.

बाविसाव्या दिवशी दुपारी मी शाळेचा एक नकाशासंग्रह शिवत होते. मागून घोडीचा टकटक आवाज आला, दारात थांबला.

"अगं," हे म्हणाले.

पुढे काहीच नाही. सांगायचे असे काही नव्हतेच यांना, नुसती हाक मारायची होती. माझ्या अंगठ्यात सुई गेली. त्या नकाशासंग्रहात एका समुद्रात आजही एक लाल बेट आहे, ते शाळेच्या लक्षात आलेले नाही.

तर हुकूम असा की, गोंद्या माझ्या पश्चात यांच्याच ताब्यात राहील, आणि हे गोंद्याच्या. दोघांना कोणत्याही सबबीवर, कोणाच्याही सोयीसाठी वेगळे ठेवू नये. यांना लेकीकडे न्यायची वेळ आली तर तोही जाईल. दवाखान्यात ठेवावे लागले, तर रोज फाटकापर्यंत आणून खिडकीतून दाखवावा. त्याचे खाणे, लस टोचणे आणि त्याने केलेल्या नुकसानाची भरपाई यांचा खर्च माझ्या ठेवीतून द्यावा.

कलम ५. वन्सं.

माझ्या लग्नात वन्सं मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या होत्या की नवऱ्या मुलीच्या बोटांना खळीचा वास येतो. पुढे एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी त्यांचा फोटोंचा अल्बम बांधायला दिला. दर वेळी मी सांगत आले की कामाची गर्दी आहे. गर्दी नव्हती. अल्बम मुद्दाम तसाच ठेवला होता.

गेल्या महिन्यात तो काढला आणि अस्सल कातडीत बांधला. माझ्या हातून झालेले सगळ्यांत चांगले काम आहे. पहिल्याच पानावर वन्सं सात वर्षांच्या आहेत आणि हे तीन वर्षांचे, त्यांच्या कडेवर. वजन पेलत नाहीये, पण सोडलेला नाही. तो फोटो मी बराच वेळ बघितला. वीटभट्टीचे जे केले तेही त्याच हातांनी केले, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नव्हते. वन्सं, अल्बम तुमचा. वाळत ठेवला असताना त्याचा एक कोपरा गोंद्याने खाल्ला. तो मी दुरुस्त केलेला नाही. आपले जुने सगळे त्यात मिटले असे समजावे.

कलम ६. वाचनालयाविषयी कबुली.

वाचनालयाच्या तिसऱ्या कपाटात हिरव्या पुठ्ठ्याची जी रहस्यकथा आहे, तिची शेवटची आठ पाने मूळची नाहीत. मूळची गोंद्याने दोन वर्षांपूर्वी फस्त केली. दुसरी प्रत कुठे मिळेना. मी रडकुंडीला आले. तेव्हा यांनी बोट वर केले. ते पुस्तक चाळीस वर्षांपूर्वी यांच्याच हाताखालून गेले होते, आणि शेवट यांना आठवत होता.

मग रोज सकाळी हे सांगायचे आणि मी लिहायची. कधी दिवसाला चार ओळी, कधी एकच शब्द. मी ऱ्हस्व-दीर्घ चुकवले की हे टेबलावर टकटक करायचे. असे अकरा आठवडे चालले. बोलणे शिकवणाऱ्या बाई नंतर म्हणाल्या, एवढा सराव मला तीन वर्षांत करून घेता आला नसता. यांच्या जुन्या छापखान्याने ती पाने त्याच टायपात छापून दिली आणि मी ती बेमालूम बसवली.

एक फरक राहिला. मूळ पुस्तकात खून घरच्या डॉक्टरांनी केलेला होता. पण त्या दिवसांत यांना 'डॉक्टर' हा शब्द म्हणता येत नव्हता आणि 'बहीण' हा येत होता. त्यामुळे आमच्या प्रतीत खून बहिणीने केला आहे. वन्संनी यातही मनाला लावून घेऊ नये. आजवर अठरा वाचकांनी पुस्तक नेले, कोणाची तक्रार नाही. एकाने तर शेवटच्या पानाखाली पेन्सिलीने लिहिले आहे, 'मला आधीपासून हिचाच संशय होता.'

कलम ७. शिडी.

शेजारचे बँडमास्तर आमची लाकडी शिडी बारा वर्षे उसनी नेत आहेत. ते क्लॅरिनेट वाजवायला बसले की गोंद्या कुंपणाशी जाऊन गळा काढतो. एकदा त्याने त्या क्लॅरिनेटचे तोंडच पळवले, ते आठ महिन्यांनी आमच्या गुलाबाच्या कुंडीत सापडले. मधल्या काळात गल्लीत जी शांतता होती तिच्याबद्दल त्यांना नुकसानभरपाई देणे लागते. या कागदावर साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावणार होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवू नये, असे वकीलबाईंनी सांगितले. मी बँडमास्तरांना विचारले, सही करता की शिडी घेता. त्यांनी विचार करायला वेळ मागितला नाही. शिडी त्यांना.

कलम ८. बोलण्याविषयी.

मी गेले तर काय होईल याची मला एकच धास्ती आहे, आणि ती घराची किंवा यंत्रांची नाही. हे परत गप्प होतील, ही आहे. म्हणून हे कलम सगळ्यांनी नीट वाचावे.

लेकीने आठवड्यातून दोनदा यावे आणि बसवर काय काय झाले ते सांगावे. सांगताना दोन-तीन शब्द मुद्दाम चुकवावेत. चूक दिसली की हे गप्प बसूच शकत नाहीत. वन्संनी रविवारी यावे आणि यांच्याशी भांडावे, विषय कोणताही चालेल. बँडमास्तरांनी सकाळी कुंपणावरून निदान हवेबद्दल तरी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तराला वेळ लागतो. मधेच शब्द सुचवू नये. यांना ते आवडत नाही आणि गोंद्यालाही.

आणि यांना माझे सांगणे असे की, माझ्या फोटोसमोर बसू नये. मागच्या अंगणात बसावे.

कलम ९. अंमलबजावणी.

अंमलबजावणीचे काम वकीलबाई बघतील. शुक्रवारनंतर मी घरी परत आले, तर हा कागद कपाटात जाईल आणि कोणी काही वाचलेले नाही असे सगळ्यांनी वागावे.

हा मजकूर वकीलबाईंनी आज यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. हे समोरच बसले होते, बिस्कीट अर्धे स्वतःला आणि अर्धे खाली देत होते. ऐकून झाल्यावर वकीलबाईंनी विचारले की, यातल्या कशाला तुमची हरकत आहे का. बराच वेळ गेला. कोणी शब्द सुचवला नाही. मग हे वकीलबाईंकडे बघत म्हणाले,

"तिला काय लिहायचं ते लिहू दे. ती कुठेही जात नाहीये."

चार वर्षांत यांच्या तोंडून एका दमात निघालेले हे सगळ्यांत लांब बोलणे आहे, आणि त्यात एकही चूक नाही. मी ते जसेच्या तसे इथे उतरवले. कायद्याने ते कोणावरही बंधनकारक नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर आहे, असे मी लिहून देते.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला समजला, आणि तो माझ्या मनासारखा आहे.

(सही) बाइंडरबाई

बाइंडरबाईंनी आमच्यादेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली:

१. (सही) डॉक्टर

२. (सही) ग्रंथपाल, वाचनालय. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त सही होताना बघायची असते, असे मला सांगण्यात आले. त्याप्रमाणे वाचलेला नाही. सही करते वेळी माझा डावा बूट जागेवर नव्हता.

ठिकाण: राहत्या घराचा कारखाना
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार